वय चुकलं नव्हतं

(ज्येष्ठ मंडळाच्या मासिक सभेत रविवारच्या आरतीनंतर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. सभेला येऊ न शकलेल्या सभासदांच्या विनंतीवरून येथे देत आहोत.)



पोटभर प्रसाद झाल्यावर व्याख्यान ठेवणं म्हणजे वक्त्याची परीक्षाच. मागच्या रांगेत कुणाचे डोळे मिटले तरी मी रागावणार नाही. फक्त घोरू नका, म्हणजे झालं.

या वेळी मला गुडघ्यांवर बोलायला सांगितलं होतं. मागच्या खेपेला मधुमेह झाला, त्याआधी रक्तदाब. पण पुढच्या रविवारी विश्वस्त मंडळाची बैठक आहे, आणि यंदाचा सेवानिधी कुठे द्यायचा ते तिथे ठरणार आहे. मेळघाटातल्या एका आश्रमशाळेला प्रोटीन पावडरचे डबे पाठवावेत, असा प्रस्ताव आहे. हेतू उत्तम आहे. तरी मी त्याला विरोध करणार आहे, आणि तो का, हे आधी तुमच्यासमोर बोलावं असं मला वाटलं. कारण पैसे तुमचे आहेत. गुडघे पुढच्या महिन्यात.

माझं माहेर परतवाड्याचं. तिथून मेळघाटाचे डोंगर दिसतात, पण लहानपणी आमच्यासाठी मेळघाट म्हणजे चिखलदऱ्याची सहल, एवढंच. नागपूरला एम.बी.बी.एस. झाल्यावर, १९८१-८२ साली, इंटर्नशिपचे काही महिने मला तिथल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काढावे लागले. तेवीस-चोवीस वर्षांची होते. सगळं कळतं असं वाटण्याचं वय.

एके दिवशी एक कोरकू बाई मुलीला घेऊन आली. मुलीला खोकला होता. मी तपासलं, छाती साफ होती. वजन केलं, दहा किलोच्या थोडं वर भरलं. वय विचारलं. बाई म्हणाली, तीन. मी मुलीकडे पाहिलं. दोन वर्षांच्या पोरीएवढी उंची, तसाच गोल चेहरा. हडकुळी नाही, पोट पुढे आलेलं नाही, हातपाय सुजलेले नाहीत. मी मनाशी म्हटलं, या लोकांना वय कुठलं कळतंय, आणि कार्डावर लिहिलं: दोन वर्षे. दोन वर्षांच्या हिशेबाने वजन जेमतेम बरोबर बसत होतं. खोकल्याचं औषध दिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

बाई जागची हलली नाही. मराठी तिला तुटकच येत होतं. तिने तीन बोटं पुढे केली आणि म्हणाली, ‘‘होळी. तीन होळी.’’ कोरकूंचा होळी हा सगळ्यांत मोठा सण. कुठेही मजुरीला गेलेला माणूस होळीला गावी परत येतो. तेव्हा होळ्या मोजण्यात त्यांची चूक होत नाही. मी तरीही मान हलवली. मग आमच्या नर्सबाई हळूच माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, ‘‘मॅडम, ती बरोबर सांगते. हिच्या बाळंतपणाला मीच गेली होती. पोरगी तीन पुरी झाली.’’

मी कार्डावरचा दोनचा आकडा खोडून तीन केला. त्याबरोबर तीच मुलगी, तेच वजन, त्या काळच्या तक्त्याप्रमाणे दुसऱ्या श्रेणीच्या कुपोषणात गेली. मुलीत काही बदललं नव्हतं. माझ्या डोळ्यांना ती ठीक दिसत होती म्हणून मी तिच्या आयुष्यातलं एक वर्ष वजा करून टाकलं होतं, आणि आईला खोटं पाडलं होतं.

त्यानंतर दोन-तीन वर्षांतच मी इकडे आले. नागपुरातच शिकलेले डॉ. रवींद्र कोल्हे आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता कोल्हे मेळघाटात बैरागडला जाऊन राहिले. २०१९ साली त्या दोघांना पद्मश्री मिळाली तेव्हा तुम्ही वाचलं असेल. मी मात्र इंग्लंडात सुखाने नोकरी केली. हे मी अपराधी वाटून सांगत नाही, पण माझ्या बोलण्याला किती किंमत द्यायची ते तुम्हाला ठरवता यावं म्हणून सांगते.

तर आजचा विषय त्या मुलीचा. वैद्यकात याला खुजेपणा म्हणतात, सोप्या भाषेत वाढ खुंटणे. वयाच्या मानाने उंची फार कमी असणे. भुकेने वाळलेलं मूल कुणालाही ओळखता येतं, वर्तमानपत्रात त्याचाच फोटो येतो. खुजं मूल ओळखू येत नाही. ते फक्त आपल्या वयापेक्षा लहान दिसतं, आणि ज्या गावात निम्मी मुलं तशीच असतात तिथे ते लहानही दिसत नाही. आई म्हणते, आमच्या घरात सगळेच असे. शेजारीण म्हणते, चेहरा बघा किती गोड. डॉक्टर काय म्हणते, ते मी आत्ताच सांगितलं.

ओळखायचं तर मोजावंच लागतं. दोन वर्षं पूर्ण झालेली मुलगी साधारण ८६ सेंटीमीटर उंच असावी, मुलगा ८७. मुलगी ७९च्या खाली किंवा मुलगा ८१च्या खाली असेल, तर त्याला खुजं म्हणायचं. दोन वर्षांखालच्या बाळाला आडवं झोपवून लाकडी फळ्यावर मोजतात. डोकं एका टोकाला टेकवून धरायला एक माणूस, गुडघे सरळ करून पाय धरायला दुसरा. बाळ अर्थातच किंचाळतं. म्हणून पुष्कळ ठिकाणी नुसतं वजन करून भागवतात. तुमच्या नातवंडांची इथली लाल वही तुम्ही पाहिली असेल. तिच्यात वजनाबरोबर लांबी-उंचीचाही तक्ता असतो, तो याचसाठी.

आता तुम्ही म्हणाल, उंची ही आनुवंशिक. आम्ही देशावरची माणसं, आम्ही काही पंजाबी नाही. मीही पुष्कळ वर्षं असंच समजत होते. १९९७ ते २००३ या काळात जागतिक आरोग्य संघटनेने सहा देशांत सुमारे साडेआठ हजार मुलं मोजली. नॉर्वेतलं ओस्लो, अमेरिकेतलं डेव्हिस, ब्राझीलमधलं पेलोटास, घानामधलं आक्रा, ओमानमधलं मस्कत आणि आपली दक्षिण दिल्ली. मुलं मुद्दाम अशी निवडली की आईचं दूध मिळतंय, आई धूम्रपान करत नाही, वाढीच्या आड येणारी गरिबी नाही. पाच वर्षांपर्यंतची त्यांची वाढ पाहिली, तर दिल्लीचं पोर आणि ओस्लोचं पोर जवळजवळ सारखंच वाढत होतं. आज जगभर वापरतात ते तक्ते त्याच मोजमापावर बेतलेले आहेत. एका घरातल्या दोघांत रक्तामुळे फरक पडतो, हे खरं. पण अख्ख्या तालुक्यातली पोरं खुजी असतील तर दोष रक्ताचा नाही.

दूर कशाला जायचं? या सभागृहात ज्यांचा नातू किंवा नात त्यांच्यापेक्षा उंच आहे, त्यांनी हात वर करा. (जवळजवळ सगळे हात वर झाले.) बघा. रक्त तुमचंच ना?

(इथे पुढच्या रांगेतले एक काका म्हणाले, ‘‘डॉक्टर, आम्ही सगळे असेच वाढलो. काय बिघडलं आमचं?’’)

काका, प्रश्न चांगला विचारलात. तुम्ही भावंडं किती? आठ. आणि मोठी किती झाली? पाच. (सभागृहात थोडा वेळ कुणी बोललं नाही.) रागावू नका, हा प्रश्न मी माझ्या आईलाही विचारला होता. जे मोठे झाले तेच आज आपल्याला दिसतात, आणि त्यांच्याकडे पाहून आपण म्हणतो, काही बिघडलं नाही. वाढ खुंटलेल्या मुलाला साधा न्यूमोनिया किंवा जुलाबही झेपत नाहीत. जगलेल्यांचं काय होतं, ते पुढे सांगते. त्यात तुमची साखरही येणार आहे.

त्याआधी पावडरच्या डब्यांचा प्रश्न संपवू. जन्मताना बाळ सुमारे पन्नास सेंटीमीटरचं असतं. पहिल्या वर्षात ते पंचवीस सेंटीमीटर वाढतं. दुसऱ्यात बारा. त्यानंतर वर्षाला सहा-आठ. एवढ्या वेगाने माणूस पुन्हा कधीच वाढत नाही, वयात येतानासुद्धा नाही. पोटातले नऊ महिने धरा, त्यात दोन वर्षं मिळवा, की साधारण हजार दिवस होतात. खुजेपणा बहुतेक याच हजार दिवसांत येतो. नंतर थोडंफार भरून निघतं, सगळं नाही.

याचा मला सगळ्यांत पटलेला पुरावा ग्वाटेमालातला आहे. मध्य अमेरिकेतला हा छोटा देश. १९६९ ते १९७७ या काळात तिथल्या चार खेड्यांत एक प्रयोग झाला. दोन खेड्यांतल्या मुलांना अतोले नावाची, दुधाची भुकटी घातलेली, प्रथिनयुक्त पेज रोज दिली. दुसऱ्या दोन खेड्यांत नुसतं गोड सरबत. पुढे तीस-पस्तीस वर्षांनी ती मुलं शोधून काढली. ज्या पुरुषांना वयाच्या पहिल्या दोन वर्षांत पेज मिळाली होती, त्यांची तासाची कमाई सरबतवाल्यांपेक्षा ४६ टक्क्यांनी जास्त होती. ज्यांना तीन वर्षांनंतर मिळाली, त्यांच्या कमाईत असा फरक दिसला नाही. पेज तीच, खेडं तेच.

आश्रमशाळेत मूल जातं सहाव्या वर्षी. त्याला चांगलं जेवण मिळायलाच हवं. उपाशी पोटी कुणी शिकत नाही. पण आपल्या माहितीपत्रकात जे छापलं आहे, ‘या डब्यांमुळे मुलांची खुंटलेली वाढ भरून निघेल’, ते तेवढं काढून टाका. गाडी स्टेशनातून गेल्यावर तिकीट काढल्यासारखं आहे ते.

मग वाढ खुंटते कशाने? एकाच कारणावर बोट ठेवता आलं असतं तर हा प्रश्न केव्हाच सुटला असता. भारताच्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांत सुमारे ३५ खुजी होती. गरिबी हे मोठं कारण आहेच. पण देशातल्या सर्वांत सधन पाचव्या हिश्श्यातल्या घरांतही शंभरात सुमारे २३ मुलं खुजी निघाली. त्या घरांत धान्य कमी नव्हतं. तेव्हा नुसती पोती भरून भागणार नाही.

पहिलं कारण आईपासून सुरू होतं, खरं तर आईच्याही लहानपणापासून. जी मुलगी स्वतः खुजी राहिली, तिचं बाळ लहान जन्मण्याची शक्यता जास्त. त्यात तिचं सोळाव्या वर्षी लग्न झालं तर तिचं स्वतःचं अंग अजून भरत असतं. एकाच ताटात दोघं जेवायला बसतात, आई आणि पोटातलं मूल, आणि दोघंही अर्धपोटी उठतात. याच पाहणीत महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर बायकांत सुमारे २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. पुरोगामी महाराष्ट्र आपण म्हणतो ना, त्यात. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी. आणि गरोदरपणी कमी खावं, बाळ मोठं झालं तर बाळंतपण अवघड जाईल, ही समजूत मी मेळघाटात ऐकली, परतवाड्यात ऐकली, आणि खोटं कशाला बोलू, इथे इंग्लंडातही एका सासूबाईंच्या तोंडून ऐकली.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा अभ्यास केला. त्यात असं दिसलं की आई एकूण किती खाते यापेक्षा ती काय खाते याचा बाळाच्या आकाराशी जास्त संबंध होता. ज्या बायकांच्या खाण्यात दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळं वरचेवर होती, त्यांची बाळं मोठी होती. महागडं काही नाही. मेथी, चवळई, पेरू. पण घरात दूध आलं की ते आधी कुणाच्या पेल्यात जातं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता ती साखर. त्याच अभ्यासात गावातली बाळं सरासरी २.७ किलोची जन्मली. इंग्लंडात साउदॅम्प्टनची बाळं सरासरी साडेतीन किलोची. आपलं बाळ सगळीकडून लहान, स्नायू कमी, पण अंगावरची चरबी मात्र त्या मानाने कमी नाही. दिसायला बारीक, आत चरबी. असं शरीर घेऊन माणूस मोठा झाला, शहरात आला, विमानात बसून इंग्लंडला आला, गाडी चालवू लागला आणि चार वेळा खाऊ लागला, की मधुमेह त्याला लवकर गाठतो. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी मला विचारलं आहे, ‘‘डॉक्टर, मी जाड नाही, गोड खात नाही, मग मलाच का?’’ उत्तराचा काही भाग तुमच्या आईच्या ताटात होता. म्हणून मी म्हणते की हा विषय फक्त मेळघाटाचा नाही.

दुसरं कारण पहिल्या घासाचं, आणि इथे आज्यांनी जरा कान द्यावेत. जन्मल्याबरोबर येणारं पिवळसर चिकाचं दूध अजूनही काही घरांत फेकून देतात आणि बाळाला मध चाटवतात. ते करू नये. सहा महिने नुसतं आईचं दूध. पण सहा महिने झाले की वरचं अन्न सुरू झालंच पाहिजे, आणि गडबड होते ती इथे. आपण थाटात उष्टावण करतो, चांदीच्या वाटीत खीर, मामाच्या मांडीवर बाळ, फोटो. आणि दुसऱ्या दिवसापासून? वरणाचं पाणी. भाताची पेज. डाळीचं सत्त्व पाण्यात उतरतं, अशी आपली ठाम श्रद्धा. माझ्या सासूबाई, देव त्यांचं भलं करो, माझ्या मुलाला वरणाचं पाणी गाळून द्यायच्या. मी बालरोगाचं शिकलेली डॉक्टर, आणि मला त्यांना ‘आई, असं नको’ म्हणायला तीन आठवडे लागले.

सहा-सात महिन्यांच्या बाळाच्या पोटात एका वेळी वाटीभरसुद्धा अन्न मावत नाही. ती जागा पाण्याने भरली तर ते रडत नाही, झोपतं. पोट भरलं असं सगळ्यांना वाटतं. चमचा तिरका केला तरी अन्न ओघळून जाऊ नये, इतकं ते घट्ट हवं. वरण-भात कुस्करून, त्यात तेल किंवा तूप. भाकरी दुधात किंवा डाळीत मऊ करून. शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट, कुस्करलेली पालेभाजी, केळं, अंडं. आठ महिन्यांपर्यंत दिवसातून दोन-तीन वेळा, पुढे तीन-चार वेळा, आणि त्याखेरीज आईचं दूध चालूच. देशभरात सहा महिने ते दोन वर्षं या वयाच्या शंभर मुलांत पुरेसा आहार मिळणारी मुलं पाचव्या पाहणीत होती सुमारे ११. बाकीची ८९ काही उपाशी घरांतली नव्हती.

अंड्याचं नाव मंदिरात काढलं म्हणून माफ करा. माझ्या स्वतःच्या घरात शिजत नाही. पण डॉक्टर म्हणून खरं ते सांगायला हवं: लहान मुलाच्या वाढीसाठी इतक्या कमी जागेत इतकं सत्त्व असलेला स्वस्त पदार्थ दुसरा मला माहीत नाही. एक्वादोरमध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडं दिलं, तर खुजेपणा जवळजवळ निम्म्याने घटला. लगेच टाळ्या वाजवू नका. आफ्रिकेत मलावीमध्ये तसाच प्रयोग केला, तिथे उंचीत फरक दिसला नाही. जिथे बाकीचं जेवण कसं आहे, आजार किती आहेत, त्यावरही अवलंबून. कोरकू कुटुंबं अंडी खातात. अंगणात कोंबड्याही असतात. फक्त अंडी आठवडी बाजारात जातात आणि पोराच्या हातात बिस्किटाचा पुडा येतो. महाराष्ट्र सरकारच्या अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या लहान मुलांना अंडी आणि न खाणाऱ्यांना केळी देण्याची सोय आहे. आपलं व्रत आपल्या ताटात असावं, असं माझं मत आहे. दुसऱ्याच्या पोराच्या ताटात ते वाढू नये.

तिसरं, आजारपण. मूल रांगायला लागलं की जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं. अंगणात कोंबड्या, शेळ्या, उघड्यावरची घाण. वारंवार जुलाब होतात, आपण म्हणतो दात येताहेत, आणि त्याचं खाणंच बंद करतो. जुलाब दिसले नाहीत तरी आतड्याच्या आतलं अस्तर सतत सुजत राहतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. मग वाटतं, संडास बांधले, नळ दिला, हात धुवायला शिकवलं की झालं. बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वे या तीन देशांत हे सगळं नीट करून पाहिलं. २०१८-१९ मध्ये निष्कर्ष आले, आणि उंचीवर या गोष्टींचा परिणाम जवळपास शून्य निघाला. पूरक आहाराने थोडा फरक पडला, तोही थोडाच. मला वाचून वाईट वाटलं होतं. संडास बांधू नयेत असा त्याचा अर्थ मुळीच नाही. एका बाजूने थोडीशी स्वच्छता आणि दुसरीकडे सगळं तसंच, एवढ्याने बाळाच्या आतड्याला ते पुरत नाही, इतकाच.

आणि चौथी गोष्ट, जिच्याबद्दल पुस्तकांत कमी आणि गावात जास्त कळतं. वेळ. बाळाला दिवसातून चार वेळा भरवायला कुणीतरी माणूस लागतं. दिवाळीनंतर मेळघाटातली कितीतरी कुटुंबं मजुरीसाठी बाहेर पडतात आणि होळीला परततात. बीडकडची ऊसतोडीला जातात. जी गावात राहतात, त्यांच्यातली आई पहाटे शेतावर जाते, आणि आठ महिन्यांचं बाळ सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असतं. ती बहीण स्वतः खुजी. तिने डाळ घट्ट शिजवावी आणि चार वेळा भरवावी, असं आपण कुणाला सांगतो आहोत? आईला सगळं समजत असतं. ती घरी नसते.

माझ्या मते आपल्या पैशाची जागा इथे आहे.

छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेने गावागावांत पाळणाघरं सुरू केली. त्यांना ‘फुलवारी’ म्हणतात. पुढे तिथल्या सरकारनेही ती कल्पना उचलली. सहा महिने ते तीन वर्षांची मुलं, गावातल्याच बाया सांभाळतात, दिवसातून तीनदा ताजं घट्ट अन्न भरवतात, आई निश्चिंतपणे कामावर जाते आणि मोठी बहीण शाळेत. अंगणवाडीत साधारणपणे तीन वर्षांपुढचीच मुलं बसतात. त्याहून लहानांसाठी शिधा घरी नेतात आणि तो सगळ्या घरात वाटला जातो. म्हणजे सगळ्यांत जास्त गरज ज्या वयात, त्याच वयात मूल कुणाच्याच नजरेत नसतं. फुलवारी ही ती जागा भरते.

आपण काही सरकार नाही, आणि सरकार काहीच करत नाही असंही नाही. महाराष्ट्राने २००५ साली औरंगाबादला राजमाता जिजाऊ मिशन सुरू केलं, हजार दिवसांवर जोर दिला, अंगणवाडी सेविकांच्या रिकाम्या जागा भरल्या, आणि २०१२ पर्यंत दोन वर्षांखालच्या मुलांतला खुजेपणा सुमारे एक तृतीयांशाने उतरला. म्हणजे होतं. पण नंतर गाडी अडली. पाच वर्षांखालच्या मुलांचा आकडा २०१५-१६ च्या पाहणीत शंभरात ३४.४ होता, २०१९-२१ मध्ये ३५.२. कशामुळे अडली यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मी त्यात शिरत नाही, वेळ संपत आला.

तर माझी पर्यायी सूचना अशी. पावडरचे डबे रद्द करावेत. आपण ज्या संस्थेला गेली काही वर्षं मदत करतो, तिच्याच कामाच्या गावांपैकी दोन गावांत फुलवारीसारखं पाळणाघर चालवायला पैसा द्यावा. त्यात दोन-दोन बायांचं मानधन, जेवणाचं सामान, आणि लांबी मोजायचा एकेक लाकडी फळा. निदान तीन वर्षं, कारण एका वर्षात उंचीत काही दिसणार नाही, आणि मग आपल्यातलेच लोक विचारतील, पैसे कुठे गेले. मंदिराचा पैसा अंड्यांवर नको असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी: आपण मानधन आणि फळे देऊ, अंडी सरकारच्या योजनेतून येऊ देत. त्यावर मी भांडणार नाही. उद्घाटनाची फीत, फोटो आणि पाटी यांवर खर्च नको, यावर मात्र भांडेन.

आणि ज्यांचे पुतणे, भाचे, सुना देशात आहेत, त्यांनी या आठवड्यात फोन केला की बाळ कसं आहे एवढंच विचारून थांबू नका. त्याला शेवटचं कधी मोजलं ते विचारा. वजन नव्हे, लांबी. आणि सुनेच्या ताटात दूध, पालेभाजी येते का ते विचारा. ते विचारायचं धाडस आपल्या वयालाच शोभतं.

बैठक पुढच्या रविवारी दुपारी दोन वाजता, वरच्या खोलीत. तो फळा कसा असतो ते पाहायचं असेल तर माझ्याकडचा जुना घेऊन येते. सुनेला चालणार असेल तर माझी आठ महिन्यांची नातही येईल. ती किंचाळेल, त्याची तयारी ठेवा. तिचे पाय धरायला कुणीतरी लागेल.